नवसागराची टाकी

वितळलेला धातू साच्यात ओतला की वरून तो शांत दिसतो. आत मात्र तो पुरता गोठेपर्यंत बरीच धावपळ चालू असते. काही भाग जड होऊन खाली बसतो, काही हलका होऊन वर येतो, आणि या वरखाली करण्यातच पुढे त्या वस्तूत कुठे खोट राहणार ते ठरून जातं. माझ्या तरुणपणाची चांगली वर्षं मी ही धावपळ मोजण्यात घालवली. नातेवाइकांना हे समजावून सांगायला लागले की ते मध्येच थांबवून लग्नाचं विचारत.

धातूच्या आरपार दिसत नाही, म्हणून या विषयातली माणसं त्याच्याऐवजी नवसागराचं पाणी वापरतात. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तोच हा नवसागर. कोमट पाण्यात तो भरपूर विरघळवायचा, ते पाणी काचेच्या चौकोनी टाकीत भरायचं आणि टाकी तळातून थंड करायची. थोड्या वेळाने तळाशी पांढरे स्फटिक वाढायला लागतात, धातूत वाढतात तसेच. मग त्या पांढऱ्या गादीतून एखादी बारीक धार सरळ वर निघते, अगरबत्तीच्या धुरासारखी. आम्ही त्या धारांना धूरच म्हणायचो. ‘आज किती धूर?’ असं कॅन्टीनमध्ये विचारलं की शेजारच्या टेबलावरचे वळून बघत.

आम्ही म्हणजे मी आणि तो. नवीन पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, वर्कशॉपच्या मागच्या शेवटच्या खोलीत आमची टाकी होती. मी मूळची गव्हाणची, मिठागरवाल्यांच्या घरातली. नव्या शहरासाठी मिठागर गेलं, मोबदल्याचे पैसे आले आणि आम्ही नवीन पनवेलच्या सेक्टरात राहायला आलो. ‘बापाने मिठागर सोडलं आनि पोरीनं काचंच्या पेटीत मीठ पिकवायला घेतलंय,’ असं माझी आत्या गावभर सांगत असे. तो जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातला, कोकणी मुसलमान. घरचं किराणा मालाचं दुकान होतं आणि घरातले निम्मे पुरुष आखातात. सरावासाठी लागणारा पहिला नवसागर त्याच दुकानातून आला, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून.

आमच्या सरांना या कामासाठी एक प्रकल्प मिळाला होता. मी पीएचडीसाठी होते, तो प्रकल्पाच्या पगारावर. प्रकल्पाला मुदत होती. मुदत संपताना बाहेरचे तज्ज्ञ येऊन काम बघणार, त्यांना ते पटलं तर पुढचा टप्पा मंजूर होणार आणि त्याची नोकरी राहणार. नाही पटलं तर त्याच्या मामूंनी बहरीनला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. त्याला जायचं नव्हतं. त्याचे वडील जन्मभर तिकडे होते, आणि लहानपणी वडील म्हणजे सुट्टीत येणारा, सुटकेसमधून साबण आणि चॉकलेटं काढणारा एक पाहुणा, एवढीच त्याची आठवण होती. ‘मला माझ्या घरात पाहुणा नाही व्हायचंय,’ असं तो एकदा टाकी पुसता पुसता म्हणाला होता.

आणि मलाही तो जायला नको होता. हे मी त्या काळात कोणाजवळही बोलले नाही, म्हणून इथे सरळ लिहून टाकते.

पहिल्याच आठवड्यात आई प्रयोगशाळा बघायला आली. डब्यात बोरं आणली होती. टाकी बघितली, पंप बघितला, त्याला बघितलं, त्याच्या अम्मीची चौकशी केली. त्याने मावशीला म्हणतात तसं ‘खाला, बसा ना’ म्हणून खुर्ची पुढे केली, तर ती बसली नाही. निघताना तिने बाहेर व्हरांड्यात पडलेली एक वीट उचलून आणली आणि उघड्या दाराला लावून ठेवली.

‘दार उगडंच ठेवा हां,’ आई म्हणाली. ‘आत वारा नाय, काय नाय. जीव गुदमरल तुमचा.’

‘हो खाला,’ तो म्हणाला.

वाऱ्याचा प्रश्न नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. तिघंही वाऱ्याचाच प्रश्न आहे असं धरून चाललो. वीट तिथेच राहिली. झाडू मारणाऱ्या मावशी ती उचलून, खालचं झाडून, पुन्हा जागेवर ठेवत.

आता आमच्या कामाला अंधार लागायचा. पाण्यात पिठाहून बारीक असे काचेचे पोकळ कण सोडलेले असत. लेसरचा हिरवा उजेड पसरून टाकीत पाडला की ते कण चमकत, दुपारी खिडकीच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ चमकते तसे. त्यांचे लागोपाठ फोटो काढायचे आणि एका फोटोतून दुसऱ्यात कोणता कण कुठे सरकला ते संगणकाने शोधायचं. कण सरकला म्हणजे पाणी सरकलं. तर अंधार हवा आणि दारही उघडं हवं, यावर तोडगा म्हणून आम्ही दाराच्या आत जाड काळा पडदा लावला. तो मुद्दाम जमिनीपासून वीतभर वर ठेवला. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आत चार पाय दिसावेत, आणि ते एकमेकांपासून लांब आहेत हेही दिसावं. हे आम्ही आपसांत ठरवलंसुद्धा नव्हतं. त्याने पडदा तेवढा कापून आणला आणि मी तो तेवढाच लावला.

त्या पडद्यामागचे दिवस मला फार आवडायचे. एक प्रयोग चार-चार तास चाले. सुरुवातीला टाकीला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही, कारण पाणी आधी निश्चल व्हायला हवं. तो कॅमेऱ्यापाशी, मी थंड करणाऱ्या यंत्रापाशी. यंत्राचा घुर्र आवाज चालू असायचा आणि आम्ही हळू आवाजात वाट्टेल ते बोलायचो. मोहल्ल्यातल्या लग्नात कोण रुसलं, गव्हाणला कोणाच्या बंगल्याला किती मजले चढले. माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्याला इतकी आवडे, की आई दोन भाकऱ्या जास्त टाकायची. दार उघडं ठेवायला लावणारीही तीच आणि भाकऱ्या वाढवणारीही तीच. ईदनंतर तो सांदणं आणायचा. रमजानात मात्र मी त्याच्यासमोर पाणीसुद्धा प्यायचे नाही, आणि तो दर वेळी वैतागून म्हणायचा, ‘पी ना बाई, रोजा माझा आहे, तुझा नाही.’

पहिलं वर्षभर आमच्याकडे एकच कॅमेरा होता. त्यात धूर छान सरळ वर जाताना दिसत. पुस्तकातल्या गणिताशी ते जुळत होते आणि सर खूश होते. पण एका कॅमेऱ्याला वरखाली आणि डावंउजवं एवढंच कळतं, पुढे-मागे कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. आमच्या प्रकल्पाचं नावच मुळी प्रवाह तिन्ही दिशांना मोजण्याचं होतं. त्यासाठी दुसरा कॅमेरा यायचा होता आणि तो यायला सरकारी कारभाराप्रमाणे यायचा तेवढा वेळ लागला. आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. दोन्ही कॅमेरे दाराच्या बाजूने, टाकीच्या समोरच्या काचेकडे तोंड करून, थोडे तिरके लावले. आमच्या पाठीमागे पडदा, पडद्यामागे दार, दाराला वीट.

आणि पहिल्याच प्रयोगात सगळे धूर कलले.

डावी-उजवीकडे नाही, पुढे. संगणकाच्या पडद्यावर पाण्याचा वेग बाणांनी दाखवतात. ते सगळे बाण तळापाशी आमच्या दिशेने झुकलेले होते. सर आधी हरखले. हे आजवर कोणी पाहिलेलं नाही, असं म्हणून त्यांनी फळ्यावर गणित मांडायला घेतलं. दोन दिवसांनी त्यांनाच ते पटेना. मग संशय कॅमेऱ्यांवर गेला. दोन कॅमेऱ्यांचा मेळ बसवायला ठिपक्यांची एक पट्टी टाकीत धरून फोटो घ्यावे लागतात. ती पट्टी आम्ही किती वेळा धरली असेल याला गणती नाही. टेबल पाणपातळीने तपासलं. लेसर बदलून आणला. काचेचा जाडपणा मोजला. कणच जड असतील म्हणून नवे कण मागवले. धूर कललेलेच.

मी या काळात फार चिडचिडी झाले होते. एकदा मी पट्टी टेबलावर आपटली आणि म्हणाले, ‘तुझा हातच स्थिर नाही!’

‘असेल,’ तो शांतपणे म्हणाला. ‘उद्या तू धर.’

मी धरली. धूर कललेले. तो पट्टी पुसून डब्यात ठेवायला लागला. मला त्याच्या त्या शांतपणाचा राग यायचा. नोकरी त्याची जाणार होती आणि नाकी नऊ माझ्या आले होते.

तज्ज्ञ आले ते मार्चच्या शेवटी, टळटळीत दुपारी. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ बराच वेळ पडद्यावरचे बाण बघत राहिले. एका कॅमेऱ्याने घेतलेले जुने निकाल सरळ होते आणि दोन कॅमेऱ्यांचे कललेले, आणि कशामुळे ते आम्हाला सांगता येत नव्हतं. ‘आधी तुमच्या दोन कॅमेऱ्यांचं एकमत होऊ द्या,’ असं म्हणून ते चहाला गेले. पुढचा टप्पा मंजूर झाला नाही. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले आणि मी पंपाची नळी विनाकारण काढून पुन्हा बसवत राहिले.

तो बहरीनला गेला त्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन गेला. लेन्स पुसून डब्यात ठेवल्या, किल्ली माझ्या हातात दिली, आईला सलाम सांगितला. पडद्याच्या बाहेर गेल्यावर त्याचे पाय थोडा वेळ तिथेच थांबलेले मला दिसत होते. मी आतून हाक मारायला हवी होती की नको, यावर मी पुढे कितीतरी दिवस स्वतःशी वाद घातला आहे.

माझी पीएचडी अर्धवट होती. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, सरांनी मला मदतीला एक मुलगी दिली, नुकतीच एमटेक झालेली, खणखणीत आवाजाची. पहिल्याच दिवशी आत येताना तिला विटेची ठेच लागली. ‘ही इथे कशाला?’ म्हणत तिने ती पायाने बाहेर ढकलली आणि दार लावून घेतलं. दोघी बायका आत, कोण काय बोलणार? मीही काही म्हटलं नाही. आम्ही प्रयोग लावला.

धूर सरळ वर गेले.

मी पुन्हा लावला. सरळ. तिसऱ्या दिवशीही सरळ. त्या मुलीला वाटलं, मी आनंदाने रडतेय.

खुलासा एवढा सोपा होता की लाज वाटावी. आमचा व्हरांडा पश्चिमेचा. दुपारनंतर तो भट्टीसारखा तापे, आणि ती झळ वीतभर उघड्या राहिलेल्या पडद्याखालून आत येऊन टाकीच्या समोरच्या काचेवर बसे. काच गरम झाली की तिच्यालगतचं पाणी वर चढे, आणि त्याची जागा घ्यायला तळातलं पाणी दाराकडे सरके. जाताना धुरांनाही ओढून नेई. एका कॅमेऱ्याला ते दिसत नव्हतं, कारण ते नेमकं त्याच्याच दिशेने होत होतं. दुसरा कॅमेरा आल्यावर ते दिसलं, म्हणजे आमचं मोजमाप पहिल्या दिवसापासून अचूक होतं. आम्ही दोन कॅमेऱ्यांनी आमचं उघडं दार मोजत होतो. आज मला त्यावर दहा उपाय सुचतात. पडदा जमिनीपर्यंत सोडायचा, टाकी फिरवून ठेवायची, प्रयोग सकाळी करायचे. पण त्यातल्या कुठल्याही उपायासाठी आधी कोणीतरी ‘दार’ म्हणायला हवं होतं. आम्ही सगळं तपासलं आणि दार तेवढं तपासलं नाही, कारण ते उघडं असणारच, हे आमच्या दोघांच्याही अंगात इतकं मुरलं होतं की ते आम्हाला दिसेनासं झालं होतं. निदान माझी तरी हीच समजूत होती.

त्याच निकालांवर मला पदवी मिळाली. प्रबंधात मी ‘खोलीतील एका बाजूच्या उष्णतेमुळे’ एवढंच लिहिलं. त्याला कळवलं नाही. काय कळवणार होते? तुझी नोकरी एका विटेपायी गेली, असं? मग माझं लग्न झालं, त्याचंही झाल्याचं कळलं. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. आता व्हरांड्याला काचा लागल्यात, खोलीत एसी आहे, आणि टाकी एका कपाटावर पडून आहे. मी ती कोणाला फेकू देत नाही, त्यावरून स्टोअरवाल्याचं आणि माझं दरवर्षी भांडण होतं.

गेल्या थंडीत तो आला. नव्या विमानतळावर उतरून सरळ घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजात. दाढी पांढरी झालेली, चष्मा, हातात खजुराचा डबा. आईबद्दल विचारलं. ती आता नाही म्हटल्यावर तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि मग म्हणाला, ‘तशी सुकटीची चटणी पुन्हा खाल्ली नाही कुठे.’ मी त्याला टाकी दाखवली. माझ्या केबिनमध्ये चहा आला. मुलं इथेच वाढली, आपण फक्त सुट्टीत येत राहिलो, असं तो म्हणाला. मग मला राहवलं नाही आणि मी विटेचं सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं तो कपाळावर हात मारून घेईल, आम्ही दोघं पोट धरून हसू.

‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘काय माहीत होतं?’

‘दारच आहे ते. दुसरा कॅमेरा आल्यावर महिनाभरातच कळलं. तू एकदा आजारी होतीस, मी शिपाईमामांना यंत्रापाशी बसवून एक प्रयोग लावला. झळ लागत होती म्हणून मामांनी दार लोटून घेतलं. धूर सरळ गेले.’

‘आणि तू गप्प बसलास?’

‘सरांना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काय बदललंस? मग ते म्हणाले असते, उद्यापासून दार लावून करा. सगळ्यांसमोर म्हणाले असते. सरांचा आवाज तुला ठाऊक आहे.’

‘म्हणू दे की!’

‘रोज चार-चार तास दार बंद करून आत काय चालतं, हे लोकांनी मला नसतं विचारलं,’ तो म्हणाला. ‘तुला विचारलं असतं. तुझ्या गावात विचारलं असतं.’

‘मग मामांना घेऊन करायचं होतंस.’

‘काम तुझं होतं. तुला बाहेर बसवून करू?’ मग तो म्हणाला, ‘आणि घाबरलो पण होतो मी. खोटं कशाला बोलू?’

मला इतका राग आला की हातातला कप मी बशीत आपटला. बहरीनच्या कारखान्यात त्याची सगळी उमर गेली होती, त्याची मुलं त्याला सुट्टीत येणारा पाहुणा म्हणून ओळखत होती, आणि हे सगळं त्याने माझ्यासाठी, मला न विचारता ठरवलं होतं. मी तसं त्याला म्हणालेही. माझ्या वतीने ठरवायला तुला कोणी सांगितलं होतं, असं मोठ्याने म्हणाले. बाहेरून जाणाऱ्या दोन विद्यार्थिनी थबकल्या.

‘विचारलं असतं,’ तो हळूच म्हणाला, ‘तर काय म्हणाली असतीस?’

‘मी दार लावलं असतं.’

हे वाक्य माझ्या तोंडून निघेपर्यंत ते माझ्याजवळ आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला, लेन्स पुसायचा तसाच, मधून कडेला गोल गोल. मग घड्याळ बघून म्हणाला, नमाजची वेळ झाली, निघतो.

तो उठला तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. माझ्या केबिनचं दार आपोआप मिटणारं आहे, वर तसा दांडा बसवलेला आहे, आणि ते इतका वेळ सताड उघडं होतं. आत येताना त्याने पाहुण्यांची खुर्ची ओढून दाराला टेकवून ठेवली होती. स्वतः तो इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.